पत्र एकाचं, पाकीट दुसऱ्याचं

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. शिक्षकांनी संप करून शेजारच्या शिक्षण खात्याच्या अंगणात मुक्काम ठोकला होता आणि सान्तो दोमिंगोच्या चौकातली कबुतरं त्यांनी टाकलेल्या पावाच्या चुऱ्यावर माजली होती, ते साल. मे महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, चौकाच्या कमानींखाली बसून लोकांची पत्रं लिहून देणाऱ्या ओतिलियाची बोटं टाइपरायटरवर एका शब्दापाशी थांबली. शब्द साधाच होता. दालचिनी.

"सांगा त्याला," समोरच्या स्टुलावर बसलेली बाई म्हणाली होती, "कुणी कितीही आग्रह केला तरी दालचिनी घातलेलं काही पिऊ नकोस म्हणावं. मानेपासून कमरेपर्यंत गांधी उठतात त्याच्या. लोकांना वाटतं, नखरे करतो."

ओतिलियाने मान वर केली नाही. तिने तो शब्द पुरा केला, पूर्णविराम दिला, आणि मग उगाचच रिबीन तपासल्यासारखं केलं. चार कमानी सोडून पलीकडे तिचा नवरा लेआंद्रो हातयंत्रावर लग्नपत्रिका छापत होता. यंत्राचा ठराविक खटका ऐकू येत होता. एरवी तो तिला ऐकू यायचा नाही, जसा स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, तिच्या आईने जावयापुढे मडक्यातली कॉफी ठेवली होती, भरपूर दालचिनी घालून, घरच्या रिवाजाप्रमाणे. तासाभरात लेआंद्रोच्या पाठीवर लाल गांधींचा नकाशा उमटला. आई रडायला लागली आणि तो उघडा बसून हसत होता. ज्या शहरात कॉफीत दालचिनी, खिरीत दालचिनी, चॉकलेटात दालचिनी, तिथे दालचिनी न चालणारा माणूस म्हणजे सोनार असून सोन्याला न शिवणारा. वीस वर्षांत असा दुसरा माणूस तिच्या ऐकिवात नव्हता.

"झालं का हो लिहून?" बाईने विचारलं.

"झालं. पुढे?"

पुढे नेहमीचंच होतं. नीट झोप म्हणावं त्याला, टोपी घाल म्हणावं. या शहराच्या भाषेची एक खोड आहे. सांगा, द्या, विचारा, पाठवा असं काही म्हणायचं झालं की ज्याला सांगायचं किंवा द्यायचं तो माणूस क्रियापदाच्या शेपटीलाच चिकटून येतो, कुत्र्याच्या अंगाला कुसळ चिकटावं तसा. दीगाले, म्हणजे सांगा-त्याला. मांदेले, पाठवा-त्याला. प्रेगुन्तेले, विचारा-त्याला. शेवटी नुसता एक 'ले'. त्या 'ले'वरून तो बाप्या की बाई, नवरा की भाऊ, म्हातारा की तान्हा, काही म्हणून कळत नाही. ज्यांना लिहिता येत नाही अशी माणसं दिवसभर या कमानींखाली येऊन बसत आणि लेखनिकांच्या कानात असे 'ले' ओतत. ओतिलिया लहान होती तेव्हा बापाच्या या टेबलाखाली बसून ऐकायची. तिला वाटायचं, 'ले' नावाचा एकच कुणी माणूस आहे आणि सगळं शहर त्यालाच निरोप पाठवतंय. बिचारा किती ठिकाणी पुरा पडणार! बाप हसला होता. "अगं, बाहेर तो फेरीवाला ऐक. पासाले, पासाले, या या म्हणून ओरडतोय. त्याच्याही शेपटीला 'ले' आहे, पण तो कुणाचाच नाही. बेवारस." मग टाइपरायटर शिकवायला घेतल्यावर बापाने धंद्यातली एकच गोष्ट दहादा सांगितली. "समोरचा माणूस 'त्याला' म्हणेल. कागदावर ते 'तुला' होऊन उमटलं पाहिजे. तेवढंच आपलं काम. मधे आपण कुठेच नाही, पोरी."

आणि दुसरी एक रीत होती, बापाच्याही आधीपासूनची. पत्र एकाने लिहायचं, पाकीट दुसऱ्याने. धर्माच्या दंगलींच्या काळात म्हणे शिपायांनी एका लेखनिकाला मारमारून कुणी कुणाला काय लिहिलं ते वदवून घेतलं होतं. तेव्हापासून कमानींखाली असं ठरलं की ज्याला मजकूर ठाऊक त्याला नाव ठाऊक नसावं, आणि ज्याला नाव ठाऊक त्याला मजकूर. आलेलं उत्तरसुद्धा गिऱ्हाईक तिसऱ्याच कुणाकडून वाचून घेई. ज्याला पत्र जायचं त्याचं नावगाव गिऱ्हाईक बोलत नसे, लेखनिक नातं विचारत नसे. मायन्याला बाईमाणूस बाप्याला लिहीत असेल तर 'माझ्या जिवलगा', बाप्या बाईला लिहीत असेल तर 'माझ्या जिवाच्या फुला', हे बापाने घालून दिलेलं, कुणी न सांगता. ओतिलिया एवढंच विचारून घेई, बाप्या की बाई. गिऱ्हाइकांना वाटे, कागदाची तशीच पद्धत असेल. त्या गुरुवारीही वर 'माझ्या जिवलगा' होतंच. तिनेच टाइप केलं होतं.

पत्र संपल्यावर बाईने खाली फुली काढली, घडी घातली आणि ती चार पावलांवर म्हाताऱ्या दोन हिलारियोच्या ('दोन' हा इथला मानाचा शब्द, बाईमाणसाला 'दोन्या') टेबलाकडे पाकिटासाठी गेली. ओतिलिया तिच्या पाठीकडे बघत राहिली. अडतीसेक वर्षांची असेल. ठेंगणी, घट्ट वेणी, आणि हात धुणेवालीचे, पांढरट, सुरकुतलेले, साबणाचा वास येणारे. नाव तिने मागे एकदा सांगितलं होतं, कासिल्दा. ही कुणाकुणाचे कपडे धुते, असा एक प्रश्न ओतिलियाच्या मनात आला आणि तिने तो झटकला. तो गेला नाही. लेआंद्रोचे सदरे ती स्वतः धुवायची. पण छापखान्यातले डगले? ते तर तो परस्परच कुठे तरी देत असे.

दर दुसऱ्या गुरुवारी कासिल्दा यायची. पुढच्या खेपेला म्हणाली, "विचारा त्याला, यंत्रात सापडलेला अंगठा थंडीत बधिर होतो का अजून?" लेआंद्रोचा डावा अंगठा सहा वर्षांपूर्वी छापयंत्रात आला होता. त्याच्या पुढच्या खेपेला, "दाढी करताना शीळ घालत जाऊ नकोस म्हणावं, एक दिवस गाल कापून घेशील." ओतिलिया टाइप करत होती आणि आपलेच बोल आपल्याच नवऱ्याला कुणी तरी दुसरी ऐकवते आहे, असं तिला वाटत होतं. अंगठे हजारांचे चेंगरतात, शीळ तर अर्धं शहर घालतं, हे तिला कळत होतं. पण दालचिनीपाशी येऊन ते कळणं संपायचं. संशय हा मोठा कष्टाळू प्राणी आहे. एक काडी मिळाली की उरलेलं घरटं तो स्वतः बांधतो. जून महिन्यात तिला आठवलं की लेआंद्रो दर मंगळवारी पत्रिकांचे गठ्ठे घेऊन मोठ्या पोस्टात जातो. पोस्ट दहा मिनिटांवर, आणि तो परततो दीड तासाने. वीस वर्षांत तिला या दीड तासाचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक मंगळवार पोकळ दातासारखा जिभेला लागू लागला. पोस्टात एक खिडकी असते, तिथे नाव सांगून स्वतःच्या नावची पत्रं घेता येतात, घरी काही येत नाही. हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

एका मंगळवारी ती टेबलावर कापड टाकून त्याच्या मागोमाग गेली. पोस्टाच्या सोनेरी जिन्याच्या आडून बघितलं. लेआंद्रोने गठ्ठे दिले, पावती घेतली, आणि मग तिथल्या दालनातल्या संगमरवरी बाकावर जाऊन बसला. हात मांडीवर, डोळे समोरच्या भिंतीवर. हातात काही नव्हतं. तो तासभर तसाच बसून होता आणि ओतिलिया खांबाशी तासभर उभी होती. त्याने पत्र घेतलं असतं, तर तिला कळलं असतं. त्याने काहीच केलं नाही, म्हणून तिला सगळंच कळल्यासारखं झालं. वाचून, फाडून, टाकून झालं असेल. आता आठवत बसलाय.

घरी त्याने भाताबरोबर दोनदा घेवडा वाढून घेतला. "काय ग म्हातारे, आज बोलत नाहीस?"

"तू तरी कुठे बोलतोस?"

"मी? मी दिवसभर सुखी जोडप्यांची नावं जुळवतो. घरी आल्यावर कशाला बोलू!" म्हणून हसला. वीस वर्षं ती या हसण्यावर समाधानी होती. त्या संध्याकाळी तिने त्याचे दात मोजल्यासारखे पाहिले. त्यांना मूल झालं नाही. दोन बाळं पोटातच गेली आणि मग डॉक्टर म्हणाले, पुरे आता. लेआंद्रोने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. या न काढलेल्या शब्दाचाही आता तिला वास येऊ लागला. ज्याला घरात बोलायचं नाही तो बाहेर कुणाशी तरी बोलतच असणार.

तिने रीत मोडली, आधी थोडी. दुपारी गिऱ्हाईक नसताना हिलारियोच्या टेबलाशी गेली.

"दोन हिलारियो, त्या धुणेवालीचं पाकीट तुम्हीच लिहिता ना?"

"कुठली धुणेवाली?"

"माझ्याकडून उठून तुमच्याकडे येते ती. गुरुवारी."

"गुरुवारी माझ्याकडे चौदा बाया येतात, पोरी. आणि या वयात मला त्यांतली एकही आठवत नाही, यासारखं दुर्दैव नाही."

"चेष्टा नको. नाव सांगा. नुसतं नाव."

म्हाताऱ्याचं हसू विझलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुझ्या बापाने हा प्रश्न ऐकला असता तर त्याने त्या टेबलाला कुलूप घातलं असतं. मी ऐकलाच नाही, असं समजतो. जा, तुझं गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी कासिल्दा धुतलेला झगा घालून, केसांना तेल लावून आली. चेहरा उजळ होता. स्टुलावर बसताना तिने स्टूल पुढे ओढलं. "आज नीट लिहा हं, दोन्या ओतिलिया. सांगा त्याला, खोलीला चुना मारून घेतलाय. गादी नवी भरून घेतली. सांगा त्याला, नाताळला ये. मी वाट बघते. सांगा त्याला, तू आलास की मला दुसरं काही नको."

नवी गादी. ओतिलियाने कागद चढवला. तिची बोटं नेहमीपेक्षा वेगाने, एकही अक्षर न चुकता चालत होती. मागाहून तिला आठवे ते हेच की आपण रागावलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या मनातलं काही कागदावर येतंय, याची एक विचित्र स्वस्थता होती. मधे आपण कुठेच नाही असं शिकवलेल्या बाईने त्या दिवशी मधे पाय टाकला. तिने लिहिलं: नाताळला येऊ नकोस. माझी सोय मी लावून घेतली आहे. पत्र पाठवू नकोस, दुसरं काही पाठवू नकोस. तू नव्हतास तेच बरं होतं.

लिहून झालं की वाचून दाखवायचं, हा रिवाज. त्या वेळी गिऱ्हाईक श्वास रोखून ऐकतं; काही बाया मान डोलावतात, काही पुसट ओठ हलवतात. ओतिलियाने कागद डोळ्यांसमोर धरला. डोळे 'येऊ नकोस'वरून फिरत होते आणि तोंड म्हणत होतं, "नाताळला ये. खोलीला चुना मारून घेतला आहे. मी वाट बघते." एकदाही अडखळली नाही. कासिल्दाने कागद घेतला, फुली काढली, आणि त्याचा मुका घेतला.

पुढचे मंगळवार ओतिलियाने लेआंद्रोच्या तोंडावर घाव शोधण्यात घालवले. तो पोस्टात जाई, दीड तासाने येई, शीळ घालत दाढी करी. एकदा तर येताना तिच्यासाठी मक्याच्या पानात वाफवलेले कोंबडीचे तामाले घेऊन आला. किती पक्का मुरलेला आहे, तिला वाटलं. हा माणूस आतून पडत असेल आणि बाहेर मला तामाले खाऊ घालतोय. तिने ते खाल्ले. चव लागली नाही, म्हणून मीठ मागितलं.

कासिल्दा पाच आठवडे आली नाही. मृतांच्या सणानंतर, नोव्हेंबरात आली, तेव्हा चौकात अजून झेंडूच्या पाकळ्या तुडवलेल्या होत्या. ती बारीक दिसत होती.

"उत्तर येत नाही," ती म्हणाली. "दर महिन्याला यायचं. चर्चमधला घंटावाला वाचून दाखवायचा मला. आता दुसरा महिना चाललाय. लिहा. विचारा त्याला, माझं काय चुकलं?"

ओतिलियाने लिहिलं. तिला आतून समाधान वाटायला हवं होतं. वाटत होतंही, थोडं, जिभेवर लोखंडाची चव यावी तसं.

"विचारा त्याला, ताप तर नाही ना आला? तिकडे सरहद्दीपलीकडे, उत्तरेच्या मळ्यांत म्हणे औषधं फवारतात आणि माणसं आजारी पडतात. सांगा त्याला…" कासिल्दा थांबली, शालीच्या टोकाने नाक पुसलं. "सांगा त्याला, तू जन्मलास त्या दिवशी सुईण म्हणाली होती की पोर जगत नाही. पाय धरून उलटा केला होता तुला. तेव्हा मी देवीला म्हटलं होतं, माझं आयुष्य याला दे. ते अजून देणंच आहे म्हणावं. तेवढं लक्षात ठेव म्हणावं."

यंत्राचा खटका थांबला होता. टाइपरायटरचा नव्हे, पलीकडचा, लेआंद्रोचा. तो कागद बदलत होता. त्या शांततेत ओतिलियाला पहिल्यांदा जे वाटलं ते पुढे जन्मभर तिने कुणाला सांगितलं नाही. तिला सुटका वाटली. तो नाही. माझा नाही. हा कुणा दुसऱ्याच्या पोटचा मुलगा आहे. एक क्षण, पुरता एक क्षण, ती आनंदाने भरून गेली, आणि त्याच क्षणाच्या मागच्या बाजूला आपण काय केलंय ते उभं होतं, ते मग समोर आलं.

तरी संशयाने शेवटचं एक डोकं वर काढलंच. वय किती? एकोणीस. कुठली तुम्ही? ओरिसाबाची. लेआंद्रो लग्नाआधी ओरिसाबात वर्षभर होता. तिने रीत पुरतीच मोडली. "त्याचा बाप?"

कासिल्दाला प्रश्नाचं नवल वाटलं, पण राग आला नाही. "खेचरं हाकायचा. पेरोतेच्या घाटात दरड आली, खेचरांसकट गेला. हा पोटात होता. दालचिनीचं त्याचंच आलंय याच्यात. घराणंच तसलं. सासू म्हणायची, आमच्या लोकांना गोडाधोडाचं नशीब नाही." मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? पोराला लिहिते म्हणून?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आणखी कुणाला लिहिणार हो मी?"

ओतिलियाने त्या दिवशी पत्राच्या शेवटी गुपचूप चार ओळी जास्त घातल्या. सप्टेंबरातलं पत्र चुकीचं होतं, ते विसर, तुझी आई वाट बघते, नाताळला ये. मोठ्याने वाचताना त्या गाळल्या. पुन्हा एकदा डोळे एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. तिने स्वतःला सांगितलं की हे झालं, निस्तरलं. नाताळ येईल, पोरगा येईल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. डिसेंबरभर ती लेआंद्रोशी इतकी गोड वागली की तो म्हणाला, "काय, मरायला टेकलोय का मी? डॉक्टरने तुला परस्पर सांगितलंय काही?"

जानेवारीत कासिल्दा आली ती पाकीट घेऊन. नोव्हेंबरातलं तेच पत्र, न उघडलेलं, वर परदेशी शिक्का. "घंटावाला म्हणतो, माणूस तिथून गेलाय असं लिहिलंय. कुठे गेला ते नाही. नाताळला मी दार लोटलंच नव्हतं." ती स्टुलावर बसली नाही. "तुम्हाला सगळ्यांचं सगळं आठवतं असं म्हणतात. मला सांगा, मी काही भलतं बोलून गेले होते का? सप्टेंबरच्या पत्रात? त्यानंतरच तो गप्प झालाय. मी रात्रंदिवस आठवते, माझ्या तोंडून काय गेलं असेल?"

गप्प बसता आलं असतं. पुढची कित्येक वर्षं ओतिलियाला ती दोन पावलांची मोकळी जागा दिसत राहिली, जिथून निसटता आलं असतं. पण ती बाई स्वतःच्याच शब्दांवर संशय घेत होती, आणि तो संशय कसा असतो, कसा घरटं बांधतो, हे ओतिलियाला आता ठाऊक होतं.

"तुमच्या तोंडून काही गेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोललात ते मी लिहिलंच नाही." आणि काय लिहिलं ते तिने सांगितलं. चारही वाक्यं, जशीच्या तशी. पाठच होती.

कासिल्दा उभीच होती. "का?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्या नवऱ्याला लिहिता."

कासिल्दाने मान वळवून चार कमानींपलीकडे पाहिलं. लेआंद्रो टक्कल पुसत होता, ज्या फडक्याने यंत्र पुसायचा त्याच फडक्याने, आणि कपाळावर शाईचा पट्टा उमटला होता. तिच्या तोंडून हसण्यासारखा काही तरी आवाज निघाला. "ह्याला? अहो बाई, ह्याला?" मग तो आवाज कुठल्या कुठे गेला. "नवऱ्याला विचारायला तुमची जीभ रेटली नाही, म्हणून माझ्या पोराला हाकललंत होय?"

तिने ओतिलियाच्या हातावर मारलं नाही, शिवी दिली नाही. ते पाकीट उचललं, हिलारियोच्या टेबलावर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "दोन हिलारियो, यात काय आहे ते वाचा. आणि मग तुम्हीच एक लिहा. आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, मी ऐकते." कमानींखालचे सगळे टाइपरायटर एकदम थांबले.

कुणी ओतिलियाला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढं झालं की त्या दिवसापासून तिचं गिऱ्हाईक पत्र घेऊन उठलं की आधी दुसऱ्या टेबलाशी जाई, मजकूर वाचून घेई, आणि मग पाकिटाकडे वळे. तिच्या डोळ्यांदेखत. बापाचं टेबल, बापाची खुर्ची, आणि तिच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याचा डोळा. लेआंद्रोला साऱ्या चौकाबरोबरच कळलं. घरी आल्यावर त्याने हात धुतले, शाई निघेना म्हणून पुन्हा धुतले.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"मंगळवारी तू तिथे काय करतोस?"

त्याने टॉवेल खुंटीला अडकवला. "बसतो. तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही. यंत्र नाही, लग्नं नाही." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तूही नाहीस." तेवढं बोलून तो जेवायला बसला. त्याचं खोटं शोधण्यात तिने आठ महिने घातले होते. खरं हे एवढंसं होतं, आणि तिला वाटलं, याहून ते खोटं बरं होतं. तिने त्याला भात वाढला. पुढे मंगळवारी उशीर झाला तर ती त्याचं ताट झाकून ठेवू लागली.

दीड वर्षाने, साठ साली, ओरिसाबाकडच्या कुणा मजुराबरोबर मुलाचा निरोप आला. तो टेक्ससला होता, जिवंत होता. पत्ता दिला होता, बाकी काही नाही. त्या आठवड्यातल्या गुरुवारी कासिल्दा कमानींखाली आली, हिलारियोला हाताला धरून उठवलं, आणि त्याला घेऊन ओतिलियाच्या टेबलाशी आली.

"लिहा," ती म्हणाली.

ओतिलियाने मान वर केली. "माझ्याकडून?"

"हौस म्हणून नाही आले. नव्या माणसाला त्याचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. अंगठा, ताप, खाणंपिणं. तुम्हाला त्याचं सगळं ठाऊक आहे. हे मागे उभे राहून बघतील." हिलारियो चष्मा लावून तिच्या खांद्यामागे उभा राहिला. म्हाताऱ्याचा श्वास मानेला लागत होता. "विचारा त्याला," कासिल्दा म्हणाली, आणि ओतिलियाच्या बोटांनी लिहिलं, मी तुला विचारते.

हिलारियो सहासष्ट साली गेला. त्याच्या टेबलावर काही दिवस गिऱ्हाइकं सवयीने पाकिटं ठेवून जात. लेआंद्रो एकाहत्तरच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. छापखान्यातल्या शिशाने, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवसांत तो ओतिलियाला जवळ बसवून घेई आणि दोघंही काही बोलत नसत. हे त्यांना उशिरा जमलं. हातयंत्र भंगारात गेलं. कासिल्दा सत्याहत्तरपर्यंत जगली. तिचा मुलगा सिप्रियानो (हे नावही ओतिलियाला कासिल्दाच्या मरणानंतरच कळलं) बासष्ट साली आठ दिवस येऊन गेला होता आणि मग दर दोन-तीन वर्षांनी येत होता. त्याने तिकडेच लग्न केलं. आईला तो बरोबर चल म्हणायचा. ती म्हणायची, तिकडे मला पत्र कोण लिहिणार?

ओतिलियाने टेबल सोडलं नाही. आता बहुतेकांना लिहिता येत होतं. ती सरकारी फॉर्म भरून देई. एकोणऐंशी साली, ऐन दुपारी, चाळिशीचा एक माणूस कमानींखाली आला. अंगावर परदेशी कोट, हातात हॅट, आणि चेहरा हुबेहूब कासिल्दाचा. तीच जिवणी, तेच बारीक डोळे. लेआंद्रोचं त्यात कुठे काही नव्हतं, तरी तिने क्षणभर शोधलंच.

"इथे एक बाई बसायच्या," तो स्टुलावर बसत म्हणाला. "दोन्या ओतिलिया. माझ्या आईची पत्रं त्या लिहायच्या."

ओतिलियाने हात मांडीवर घेतले. "काय काम होतं?"

"काम असं नाही. आईने एकदा सांगितलं होतं, बाईंकडून एक चूक झाली होती. इतकंच सांगितलं. मी म्हटलं, एकदा समोर बसावं." त्याचा आवाज रागाचा होता की मायेचा, ते तिला कळेना. वीस वर्षांपूर्वी तिने तेवढ्यावरूनच काही तरी ठरवून टाकलं असतं.

"त्या वारल्या," ओतिलिया म्हणाली.

तो उभा राहिला. "केव्हा?"

"झाली बरीच वर्षं."

त्याने मान खाली घातली, छातीशी क्रूस केला, आणि पुसट ओठ हलवत एक प्रार्थना पुरी म्हटली. घाईने नाही, शेवटपर्यंत म्हटली. ओतिलिया समोर बसून आपल्या नावची ती प्रार्थना घेत राहिली. मग त्याने हॅट डोक्यावर ठेवली, तिला मान लववली आणि तो उन्हात निघून गेला.